वाचकांचे प्रश्न : गिरगावची मिशन शाळा आणि संध्याकाळी घरी परतणारी मुलं

मागच्या महिन्यात याच पानावर एका उत्तरात ओघात लिहून गेलो होतो की मुंबईतल्या मिशनच्या जुन्या शाळा रुजल्या त्या डे स्कूल होत्या म्हणून, हॉस्टेलच्या असत्या तर रुजल्या नसत्या. त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि उदाहरणासाठी एकच शाळा धरली आहे, जॉन विल्सन यांनी गिरगावात काढलेली, जिच्यातून पुढे विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज झालं. चर्चनं शाळा काढली म्हणजे नेमकं काय झालं, कोण आलं, कोण रागावलं, कोर्टात काय झालं, हे सगळं या एका शाळेत बघायला मिळतं.

प्रश्न : माझे खापरपणजोबा सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या घरातले, तरीही गिरगावात मिशनच्या शाळेत शिकले असं घरात सांगतात. त्या काळात घरच्यांनी पाठवलंच कसं? आणि ही शाळा खरंच चर्चची होती का? (एक वाचक, डोंबिवली)

हो, चर्चचीच. जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट स्कॉटलंडहून फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत आले. आल्याआल्या मुंबईत काम सुरू केलं असं झालं नाही, आधी कोकणात जाऊन मराठी शिकले, कारण स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा हर्णै-बाणकोटकडे होती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण विल्सन शेवटपर्यंत मराठीत बोलत, मराठीत प्रवचन देत आणि मराठीत वाद घालत राहिले. मुंबईत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मराठी शाळाच काढल्या. इंग्रजी शाळा निघाली १८३२ मध्ये, गिरगावात आंबरोळीला. तेच वर्ष बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चं. त्याच्या आदल्याच वर्षी मोरभट दांडेकरांनी विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला होता आणि हिंदू धर्माच्या बाजूनं पुस्तकही छापलं होतं, विल्सननी त्याला उत्तर छापलं. म्हणजे शाळेची दारं उघडली तेव्हा हे साहेब कशासाठी आलेत हे गिरगावात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. कुणी फसून पोरं पाठवली असं अजिबात नाही.

मग पाठवली का? एक तर नोकरी. कंपनी सरकारची कचेरी, कोर्ट, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, सगळीकडे इंग्रजी लिहितावाचता येणारा माणूस हवा होता आणि सरकारी बाजूच्या शाळेत सगळ्यांना जागा मिळत नव्हती. पण नोकरीच्या आशेनं सुद्धा घरानं एक मर्यादा धरून ठेवली होती आणि ती मर्यादा जेवणाची होती. मुलगा सकाळी आंघोळ-संध्या करून, घरचं खाऊन निघणार, दिवसभर साहेबाकडून भूगोल, गणित, इंग्रजी शिकणार, मधे बायबलचा तास असेल तो पण ऐकणार, आणि संध्याकाळी घरी येणार, कपडे बदलणार, पुन्हा आपल्या पंगतीत बसणार. कान बाटत नाहीत, ताट बाटतं, असा साधा हिशेब होता. त्यामुळे शेजारच्या बाकावर पारशी बसलाय की बेने इस्रायल की दुसऱ्या जातीचा मुलगा, याच्याकडे काणाडोळा करता येत होता. त्याच मुलाला राहायला, जेवायला मिशनच्या घरात ठेवा असं सांगितलं असतं तर तुमच्या खापरपणजोबांच्या वडिलांनी शाळेचं नावच काढू दिलं नसतं.

आपण आज मिशनरी शाळांचा इतिहास वाचतो तेव्हा इमारत, प्रिन्सिपल, मोठे माजी विद्यार्थी असलंच वाचतो. पण शाळा चालली ती रोज संध्याकाळी मुलं घरी जात होती म्हणून, आणि हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे झगडे आपोआप उलगडतात.

बेने इस्रायलांचा उल्लेख केला म्हणून एक सांगून टाकतो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या या ज्यू लोकांसाठी विल्सननी १८३२ मध्येच हिब्रूचं व्याकरण मराठीत तयार केलं. ख्रिस्ती मिशनरी, ज्यू विद्यार्थी, हिब्रू भाषा आणि समजावून सांगायला मराठी. मला तरी हे फार विलक्षण वाटतं आणि आपल्या शिक्षणाच्या इतिहासात याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

प्रश्न : मिशन शाळेतल्या मुलांवरून हायकोर्टात केस झाली होती असं ऐकलंय, ते खरं का? नक्की काय झालं होतं? (पुण्याहून दोन वाचकांनी विचारलंय)

खरं आहे, फक्त तेव्हा हायकोर्ट नव्हतं, सुप्रीम कोर्ट होतं, मुंबईचं. आणि केस एक नाही, दोन गाजल्या, चार वर्षांच्या अंतरानं.

पहिली १८३९ ची. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या पारशी समाजात हे असं पहिल्यांदाच घडत होतं. धनजीभाई सोळा वर्षांचे. ते घरी न जाता विल्सन यांच्या घरी राहिले. पारशी पुढाऱ्यांनी कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज टाकला, मुलाला आमच्या ताब्यात द्या म्हणून. कोर्टानं बघितलं की मुलगा स्वतःचं बरंवाईट समजण्याच्या वयाचा आहे, त्याला पाहिजे तिथे जाऊ दे, आणि धनजीभाई विल्सन यांच्याबरोबर परत गेले. कोर्टात विल्सन जिंकले पण शाळेत हरले असं म्हणायला हरकत नाही, कारण पारशांनी पोरं भराभर काढून घेतली, हिंदू घरांनी पण काढली आणि वर्ग ओस पडले. पुढे १८४९ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून पारशी मुलांसाठी स्वतःची मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली, तिच्यामागे इतर कारणं होतीच, पण आपल्या मुलांनी शिकायला मिशनकडे जायला लागू नये ही भावना पण होती असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी केस १८४३ ची, श्रीपत शेषाद्री परळीकरची, आणि मराठी माणसाला ती जास्त जवळची आहे. नारायण शेषाद्री हा मोठा भाऊ, शाळेत शिकलेला, त्यानं बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत साधारण बारा वर्षांचा, तोही भावामागे मिशनऱ्यांकडे राहायला गेला. विल्सन तेव्हा मुंबईत नव्हतेच, वर्षाच्या सुरुवातीलाच ते इजिप्त-पॅलेस्टाइनमार्गे स्कॉटलंडला निघाले होते, शाळा रॉबर्ट नेस्बिट आणि बाकीचे सांभाळत होते. वडील कोर्टात गेले. यावेळी कोर्टानं उलटा निकाल दिला, मुलगा लहान आहे, ताबा बापाचा. धनजीभाईंना जे मिळालं ते श्रीपतला मिळालं नाही, कारण मधे वयाची रेघ होती.

पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. मुलगा घरी तर आला, आता त्याला पंगतीत घ्यायचा का? तो मिशनच्या घरात राहिला, त्यांच्यात जेवला. बाप्तिस्मा झालेला नाही पण अन्न पोटात गेलंय. मुंबईतल्या ब्राह्मणांत यावरून उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा एल्फिन्स्टनला प्राध्यापक, संस्कृत येणारा, शास्त्र समजणारा माणूस. त्यांनी बाजू घेतली की पोर अजाण आहे, प्रायश्चित्त देऊन परत घ्या. विरोधातले लोक म्हणाले, एकदा गेला तो गेला. बाळशास्त्रींना आणि त्यांच्या बाजूच्या लोकांना जातीतून त्रास झाला, बहिष्काराच्या गोष्टी झाल्या, तरी ते मागे हटले नाहीत, आणि तीनच वर्षांनी, १८४६ मध्ये, ते गेले. पतितपरावर्तन, म्हणजे धर्माबाहेर गेलेल्याला परत घेणं, हा शब्द आज आपण वाचतो तेव्हा एखादा शास्त्रार्थ डोळ्यापुढे येतो. इथे बारा वर्षांचं एक पोर आहे आणि त्याला आईच्या हातचं जेवायला स्वयंपाकघरात कुठपर्यंत येऊ द्यायचं यावर मोठमोठी माणसं भांडतायत.

दोन्ही केसमध्ये मुलानं बायबल वाचलं म्हणून कोणी कोर्टात गेलं नव्हतं, ते तर सगळेच वाचत होते. मुलगा संध्याकाळी घरी आला नाही म्हणून गेले.

मिशनरी लोकांची बाजू पण सांगायला पाहिजे. त्यांना शाळा हवी होती ती धर्मासाठीच, हे त्यांनी कधी लपवलं नाही, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाला घरी पाठवलं तर त्याचं काय होईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरी बारा वर्षांच्या मुलाला आईवडिलांच्या मनाविरुद्ध ठेवून घेणं मला योग्य वाटत नाही, आणि कोर्टानं दिलेला निकाल बरोबरच होता असं माझं मत आहे. नारायण शेषाद्री मात्र पुढे पाद्री झाले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. धनजीभाई एडिंबराला शिकून १८४६ मध्ये पाद्री झाले आणि परत येऊन इथेच आयुष्यभर काम केलं.

प्रश्न : जोतीराव फुले शिकले ती हीच शाळा का? (सातारा)

नाही. जोतीराव पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत होते, १८४१ ते १८४७. चर्च तेच, मिशन तेच, पद्धत तीच, गाव वेगळं. मधे शिक्षण सुटलं होतं, गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांना समजावलं आणि मुलगा पुन्हा शाळेत गेला, ही हकिगत बहुतेकांना माहीत असते. ती पण डे स्कूलच. माळ्याचा मुलगा आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखा ब्राह्मण मुलगा एका वर्गात बसले, जन्माची मैत्री झाली आणि १८४८ नंतर फुल्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या तेव्हा हेच शाळेतले दोस्त बरोबर उभे राहिले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनला जे पाहिजे होतं ते मिळालं नाही पण महाराष्ट्राला जे पाहिजे होतं ते मिळालं. अशी मुलं या शाळांमधून कितीतरी पटीनं जास्त निघाली, धर्मांतर केलेले बोटावर मोजण्याइतकेच.

प्रश्न : मुंबईत एकाच स्कॉटिश मिशनच्या दोन शाळा होत्या असं वाचलं, हे कसं काय? (न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचा मेल)

ताई, हे भांडण मुंबईचं नव्हतंच, ते एडिंबराहून आलं. १८३५ मध्ये विल्सन यांचं काम स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडून थेट चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेलं आणि शाळेचं नाव जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन झालं (जनरल असेंब्ली म्हणजे त्या चर्चची मुख्य सभा). तिकडे स्कॉटलंडमध्ये वाद पेटला होता की गावच्या चर्चचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदारानं का मंडळींनी. मे १८४३ मध्ये साडेचारशेवर पाद्री त्या चर्चमधून बाहेर पडले, घर, पगार, चर्च सगळं सोडून, आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड तयार झालं. हिंदुस्थानातले त्या चर्चचे सगळे मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले. आता शिक्षक गेले फ्री चर्चकडे पण मालमत्ता राहिली जुन्या चर्चकडे. म्हणजे विल्सन, नेस्बिट वगैरे लोकांना आपलीच शाळा सोडून दुसरी मांडायला लागली. म्हणून दोन नावं दिसतात, जनरल असेंब्लीज आणि फ्री जनरल असेंब्लीज. ज्या वर्षी श्रीपतची केस चालू होती त्याच वर्षी शाळेला घर पण राहिलं नाही, आणि मुख्य माणूस हजारो मैल लांब. तरी शाळा बंद पडली नाही, याचं श्रेय नेस्बिट आणि त्यांच्या सोबत्यांना द्यायला पाहिजे, त्यांचं नाव कोणी घेत नाही.

पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे शिक्षणाबद्दलच्या सरकारी धोरणपत्रानंतर, खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळायची सोय झाली, १८५७ मध्ये विद्यापीठ आलं, १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. त्यानंतर शाळा म्हणजे मॅट्रिकपर्यंत आणि त्यापुढे कॉलेज असे दोन भाग स्पष्ट झाले, कॉलेजला विल्सन यांचं नाव मिळालं आणि १८८९ मध्ये चौपाटीसमोरची ती दगडी इमारत झाली, जी सगळे ओळखतात. विल्सन यांनी ती बघितली नाही, ते १८७५ मध्येच मुंबईत वारले. त्याआधी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू पण होऊन गेले. इमारत सुंदर आहे यात वाद नाही, पण लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि समजतात इतिहास इथे सुरू झाला, तर तसं नाही, त्याआधीची सत्तावन्न वर्षं गिरगाव-खेतवाडीच्या गल्ल्यांत गेली आहेत.

प्रश्न : आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टनचा आणि या शाळेचा संबंध आहे असं एका गाईडनं सांगितलं. थाप का? (नाशिक)

थाप नाही. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतःची छोटी आगबोट चालवत झांझिबारहून समुद्र ओलांडून मुंबईला आले. बरोबर गुलामांच्या तांड्यातून सुटलेली दोन आफ्रिकन मुलं होती, चुमा आणि वेकोटानी. स्वतः इंग्लंडला जाताना त्यांनी या दोघांना डॉ. विल्सन यांच्याकडे मिशनच्या शाळेत ठेवलं. वर्षभरानं परत आले, डिसेंबर १८६५ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच जानेवारीत ते लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेला निघाले. पुढे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन तिकडे जंगलात वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत महिनोनमहिने वाहून नेणाऱ्यांमध्ये हाच चुमा होता. तुम्ही नाशिकचे आहात म्हणून सांगतो, त्याच सफरीत तुमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेली आफ्रिकन मुलं पण होती. शरणपूरला राहायची सोय होती, आणि असायलाच हवी, कारण त्या मुलांना संध्याकाळी परत जायला घरच नव्हतं. डे स्कूलचं कौतुक करताना ही बाजू विसरून चालणार नाही.

प्रश्न : तुम्ही सगळं मुलांचंच लिहिता. मुली? (ठाणे)

बरोबर विचारलंत, आणि क्रम लावला तर मुलीच आधी येतात. मुलांची इंग्रजी शाळा १८३२ ची, पण मार्गारेट विल्सननी मुलींसाठी लहान लहान शाळा १८२९-३० पासूनच सुरू केल्या होत्या. त्यांच्याही आधी अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती. मार्गारेटबाई मराठी शिकल्या, शिकवायच्या, मुलाबाळांचं करत होत्या, आणि एप्रिल १८३५ मध्ये, मुंबईत येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती तोच, वारल्या. त्यांच्या दोन बहिणी पुढे स्कॉटलंडहून मुद्दाम आल्या आणि मुलींच्या शाळा त्यांनी हातात घेतल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा याच कामातून वाढली आणि ती आपली सुरुवात १८३२ पासून धरते.

मुलींच्या बाबतीत मात्र संध्याकाळी घरी जाण्याचा हिशेब अर्धाच लागू पडला. मुलगा घरी परत येत होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जात होता. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न ठरायचं आणि शाळा सुटायची, वाचायला नुकतं यायला लागलेलं असायचं तेवढ्यात. त्यात वरच्या जातीच्या घरांनी सुरुवातीला मुली पाठवल्याच नाहीत, आल्या त्या बहुतेक गरीब घरांतल्या. त्यामुळे या शाळा कितीही मनापासून चालवल्या तरी बराच काळ त्या प्राथमिकच राहिल्या आणि मुलींचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण फार उशिरा आलं. मुलांच्या शाळेला पारशांचा राग, जातीतली फूट, एडिंबराचं भांडण, सगळं सोसवलं. मुलींची शाळा मात्र लग्नाचं वय वाढल्याशिवाय पुढे सरकणार नव्हती, आणि ते काम मिशनच्या हातातलं नव्हतं, ते तुमच्या-माझ्या पणज्या-आज्यांच्या घरात व्हायचं होतं.